सेतू, वाद अजून मिटलेला नाही

सेतू, काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्रिन्सिपल साहेबांनी उभं राहून ठराव वाचला. त्यात म्हटलं आहे की कैलासवासी सेतुमाधवराव हे पदार्थविज्ञान विभागातले अत्यंत वक्तशीर अध्यापक होते. 'वक्तशीर' ऐकल्याबरोबर शेजारच्या गणिताच्या अध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं रडू आलं. आलं होतं हसू.

तू कधी वेळेवर आलास? कावेरीला पाणी असलं की पलीकडे कॉलेजला जाणारी सकाळची होडी भरून सुटायची, आणि ती मधोमध पोचली की गावाकडच्या काठावर तू दिसायचास, फेटा सावरत, धोतराचा सोगा हातात धरून. नावाडी वैतागून मागे वळायचा. होडीतली मुलं खूश व्हायची. तू आत चढलास की पहिलं वाक्य उशिराबद्दल नसायचंच. काल जिथे बोलणं अर्धं राहिलं असेल तिथूनच तू सुरू करायचास.

ठरावात तू काय शिकवलंस ते सगळं आहे. उष्णता, ध्वनी, प्रकाश. तू काय विचार करत होतास त्याबद्दल एक अक्षर नाही. ते लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, त्याचा दोष नाही. ठाऊक होतं मला. म्हणून लिहितो. मराठीत लिहितो, कारण आपण भांडलो ते मराठीत. कॉलेजात इंग्रजी, बाजारात तमिळ आणि भांडायला मराठी. तीही आपली, तंजावरची. पुण्याहून आलेले तुझे पाहुणे म्हणाले होते, "तुम्ही दोघं बोलता तेव्हा आमचे पणजोबा बोलल्यासारखं वाटतं." तू म्हणालास, "मग नमस्कार करा."

एका गल्लीत वाढलो आपण, पण खरी ओळख झाली ती तू मद्रासेहून एम. ए. होऊन परत आल्यावर. मी तोवर इथे तर्कशास्त्र शिकवायला लागलो होतो. पोटासाठी इंग्रजी पुस्तकातलं तर्कशास्त्र, आणि घरी वडिलांकडून आलेलं न्यायशास्त्र. त्याच सुमारास पेपरात बातमी आली की ग्रहणाचे फोटो काढून विलायतेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या एका शास्त्रज्ञाचं काळ आणि अवकाशाबद्दलचं म्हणणं खरं ठरवलं. गावात सगळे विचारत होते, त्याचं म्हणणं तरी काय? पदार्थविज्ञानाचा माणूस म्हणून लोक तुझ्याकडे आले. तू सांगितलंस, "मजही अजून समजलं नाही. वर्षभराने या." लोक हिरमुसले. मी थांबलो.

वर्षाहून जास्त लागलं तुला. मग एका संध्याकाळी, घाटाच्या पायरीवर बसून, तू मला ते दोन दिवे सांगितलेस. लांब रस्ता आहे, दोन्ही टोकांना एकेक दिवा. मी मधोमध उभा. दोन्ही दिव्यांचा उजेड मला एकदम दिसला, म्हणून मी म्हणतो, दिवे एकदम लागले. ते लागत होते तेव्हा एक माणूस गाडीतून माझ्याजवळून गेला, एका दिव्याच्या दिशेने, कोणी पाहिला नसेल एवढ्या वेगाने. त्याला पुढच्या दिव्याचा उजेड आधी भेटला. "आतां ऐक," तू म्हणालास. "तो म्हणतो, मी आपल्या जागीच बसलो आहे, रस्ताच मागे पळतो आहे. दोन्ही दिवे मजपासून सारखेच दूर होते. उजेडाचा वेग दोन्हीकडून एकच. पुढचा आधी दिसला, म्हणजे पुढचा आधी लागला. शास्त्री, तुमच्या दोघांत खरा कोण?"

मी म्हणालो, "मी. तो हलत होता."

"असं तो तुजविषयी म्हणतो. आणि त्याला खोटं पाडायला कोणापाशी काही नाही."

सेतू, मला राग आला होता. आमच्या शास्त्रात काळ एक आहे, सगळीकडे पसरलेला, तुकडे नसलेला. आणि तो आहे हे कशावरून कळतं? आधी, नंतर, लवकर, उशिरा, आणि युगपत्, म्हणजे एकदम. या त्याच्या खुणा. तू शांतपणे त्यातली एक खूण उचलून नदीत टाकत होतास. मी म्हणालो, "दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. दिसेना का कोणाला काहीही. काळ आपला एकच आहे."

"असेल," तू म्हणालास. "पण तो कोणी पाहिला? ज्या खुणेवरून तू त्याला ओळखतोस तीच माणसागणिक बदलली, तर तू कोणाला ओळखलंस?"

तिथून आपलं सुरू झालं. ते तुझ्या मरणापर्यंत चाललं.

लोक म्हणतात तू शास्त्रज्ञ होतास. तू स्वतः ते कधी म्हणाला नाहीस. यंत्र कसं चालतं यापेक्षा त्या यंत्राने आपल्याला नक्की काय सांगितलं, यात तुझा जीव. प्रयोगशाळेतली ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मुलांनी लंबकाचा प्रयोग केला, सगळ्यांची उत्तरं पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळली. एकाच मुलाने लिहिलं, 'माझं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही, आणि का ते मला कळलं नाही.' तू त्याला सर्वांत जास्त गुण दिलेस. तपासणीला आलेल्या साहेबाने जाब विचारला तेव्हा तू म्हणालास, "प्रयोग त्या एकट्यानेच केला आहे." साहेबाने शेरा काय मारला ठाऊक नाही. पण त्यानंतर वरच्या वर्गाचा प्रकाशाचा विषय तुझ्याकडून काढून घेतला गेला.

तू ते मनाला लावून घेतलं नाहीस. लावून घेतलंस मद्रासेचं. काळ आणि अंतर यांवरचा तुझा निबंध विलायतेतल्या एका तत्त्वज्ञानाच्या मासिकात छापून आला होता. आपल्या गावात कोणी तो वाचला नाही, पण मद्रासेत जागा निघाली तेव्हा तुला बोलावणं आलं. वहिनींनी नवा कोट शिवून घ्यायला लावला. परतलास त्या दिवशी मी स्टेशनवर आलो होतो. तू उतरलास तो हसतच.

"काय झालं?"

"पदार्थविज्ञानवाले म्हणाले, छान आहे, पण तुम्ही मोजलं काय? हे तर तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञानवाले म्हणाले, छान आहे, पण गणित फार. हे तर पदार्थविज्ञान. दोन्ही पंक्तींनी आग्रहाने दुसरीकडे बसा म्हटलं, शास्त्री. पान कोठेंच वाढलं नाही."

घोडागाडीत बसल्यावर मात्र तू हसायचा थांबलास. गाडी बाजारातून जात होती. तू पितळेच्या दिव्यांच्या दुकानांकडे पाहत बसलास आणि बऱ्याच वेळाने म्हणालास, "मज वाटलं होतं, तेथें तरी कोणी माझ्याशी भांडेल." दुसऱ्या दिवशी मी होडीत तुझ्या निबंधातल्या तिसऱ्या परिच्छेदावर तुटून पडलो. तुझा चेहरा उजळला. तुला तेवढंच हवं होतं, आणि सेतू, मला एवढंच देता येत होतं.

आता माझ्या पोरीबद्दल, चंद्राबद्दल. हे मी कोणाशी बोलत नाही, पण तुझ्याशी बोलायला हवं. माझी चंद्रा विषमज्वराने गेली, सातवं चालू होतं तिला. घरात माणसं येत होती, जात होती, देवाने नेली म्हणत होती. तू रोज यायचास आणि ओट्यावर बसायचास. बोलायचा नाहीस. एका सकाळी मीच तुला विचारलं. तू एकदा म्हणाला होतास की तुमच्या त्या नव्या गणितात कालचा दिवस, आजचा आणि उद्याचा सगळे एकत्र मांडलेले असतात, गावं नकाशावर असतात तसे. मी म्हणालो, "मग ती आहे ना रे कोठें तरी? मागल्या श्रावणात अंगणात कोळमाची रांगोळी काढत होती, ते आहे ना अजून? आपण पुढे आलो एवढंच?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं तुला. माझ्याकडे पाहून कोणीही 'हो' म्हणालं असतं.

"गणित तसं म्हणूं देतं," तू म्हणालास. "पण तसं आहे का, हे मज ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं तुज सांत्वन म्हणून देणार नाही."

मी आत निघून गेलो. किती दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू तरीही येत राहिलास. आणि पुढे, दुःख जरा बसल्यावर, मला कळलं की त्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेलं माणूस एकच होतं. सांत्वन करणाऱ्यांची वाक्यं आज एकही आठवत नाहीत. तुझं नकाराचं वाक्य मला पाठ आहे.

म्हणूनच महामहमाच्या वर्षी तू जे केलंस ते मला लागलं.

बारा वर्षांनी येणारी ती पर्वणी. चंद्र मघा नक्षत्रात आला की त्या मुहूर्तावर लाखो लोक आपल्या तळ्यात उतरतात. त्या वर्षी दोन पंचांगांचं जमेना. जुनं पंचांग वाडवडिलांच्या पाठ केलेल्या सूत्रांवर चालणारं, त्याचा मुहूर्त सकाळचा. नवं, दुर्बिणीने आकाश पाहून केलेलं, त्याचा दुपार कलल्यावर. गावात दोन तट पडले. चहाकॉफीच्या दुकानांत माणसं हातघाईवर आली. आमच्या सुधारक मंडळींचे पुढारी होते वकील साहेब, कॉलेजच्या कमिटीवर वजन असलेले. त्यांनी सभा बोलावली आणि तुला व्यासपीठावर बसवलं. सरकारी कॉलेजातला विज्ञानाचा अध्यापक उभा राहून सांगेल की खरा मुहूर्त नव्या पंचांगाचा, मग भांडण संपेल. मीही त्याच बाजूचा होतो. चंद्र मघांत यायचा तो एकाच वेळी येतो. खरं एकच असतं.

तू उठलास. तमिळमध्ये बोललास, संथ, वर्गात बोलायचास तसा. म्हणालास, "चंद्र कुठे आहे एवढं मला विचाराल तर नवं पंचांग बरोबर आहे. जुन्याचा चंद्र चुकला आहे. मी स्वतः पाहिलं आहे." आमची बाजू टाळ्या वाजवू लागली. तू हात वर केलास. "पण कोणत्या क्षणी पाणी पवित्र होतं हे मला विचारू नका. ते मोजायचं यंत्र माझ्या प्रयोगशाळेत नाही. जे मी मोजलं नाही, त्यावर विज्ञानाच्या नावाने सही करणार नाही. ज्याने त्याने आपल्या मनाने स्नान करावं." आणि खाली बसलास.

सभेत कोणाचंच समाधान झालं नाही. जुने चिडले, कारण तू त्यांचा चंद्र चुकला म्हणालास. वकील साहेब चिडले, कारण तू त्यांचा विजय हातचा घालवलास. मी चिडलो, पण दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. सकाळी तळ्यावर गर्दीत मी तुला पाहिलं. तुझी आई जुन्या पंचांगाचीच. वडिलांनी आयुष्यभर तेच मानलं, म्हणून तिनेही तेच. तिचे गुडघे गेले होते. तिला पाठीवर घेऊन तू पायऱ्या उतरत होतास, ओले कपडे अंगाला चिकटलेले, लोकांचे धक्के खात. पाण्यात उभं राहून तू तिला धरलंस, तिने डुबकी घेतली आणि मग तुझं डोकं धरून तिने तुलाही बुडवलं. जो मुहूर्त चुकीचा आहे हे तू आदल्या दिवशी हजार माणसांसमोर सांगितलं होतंस, त्या मुहूर्तावर.

पर्वणी उलटल्यावर मी तुझ्या घरी आलो. आई आत होती, म्हणून आपण हळू आवाजात भांडलो. मी म्हणालो, "माझी पोर गेली तेव्हा तुझ्या तोंडून एक खोटा शब्द निघाला नाही. आईसाठी मात्र अख्खा खोटा मुहूर्त चालला? काय म्हणून?"

तू टॉवेलने केस पुसत होतास.

"आईने मज विचारलं नव्हतं, शास्त्री," तू म्हणालास. "तूं विचारलं होतंस."

मी निघून आलो. सेतू, या उत्तरावर मी इतकी वर्षं विचार करतो आहे. कधी वाटतं, यात सगळं आलं. कधी वाटतं, ही पळवाट आहे, आणि तूही ती जाणत होतास. कारण गावानेही तुला विचारलंच होतं, आणि त्यांना तू अर्धं उत्तर देऊन थांबलास. हे मी तुला पुढे होडीत सांगितलं. तू म्हणालास, "ज्या अर्ध्याचं मज ठाऊक होतं तें दिलं." मी म्हणालो, "उरलेलं अर्धं ठाऊक नाही असं म्हणणं हेही उत्तरच." तू म्हणालास, "तेंच तर दिलं." होडी पलीकडे लागली. मुलं उतरली. आपण बसूनच होतो.

त्याची किंमत तुला मोजावी लागली. विभागाची मुख्य जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्यांत जुना तू होतास. कमिटीत कोण काय बोललं ते बाहेर आलं नाही, पण जागा बाहेरून आलेल्या तरुणाला मिळाली. चांगला मुलगा होता. तू त्याला पहिल्या दिवशी प्रयोगशाळा दाखवलीस, कोणतं कपाट अडकतं आणि कोणता तराजू थापा मारतो ते सांगितलंस. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. तू जेवलास.

आणि मग तू तो वर्ग सुरू केलास, जो कोणत्याही वेळापत्रकात नव्हता. गुरुवारी कॉलेज सुटल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर. विज्ञानाची मुलं यायची, तत्त्वज्ञानाची यायची, एकदा तर तिरुनागेश्वरच्या देवळातले एक वृद्ध पुजारी दीक्षित येऊन बसले आणि दर गुरुवारी येत राहिले. तू मला बोलावलंस. "एका बाजूला मी, एका बाजूला तूं. मुलांनी दोघांस ऐकावं." मुलं तुझ्या बाजूने जायची, मग माझ्या, मग एखादा उठून आपल्या दोघांनाही गप्प करायचा, तेव्हा तू मांडीवर थाप मारायचास. मद्रासेत ज्या भांडणासाठी तू तळमळला होतास ते तुला तिथे मिळालं. निदान मला तरी तसं वाटतं. तसं होतं का, हे तुला विचारायचं राहिलं.

तू गेलास त्या दिवशी मी पापनाशम्‌ला मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीत होतो. छातीत कळ आली म्हणून तू झोपाळ्यावर टेकलास, आणि वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. तेव्हा मी पंक्तीत बसलो होतो. कोणी तरी काही बोललं आणि मी हसलो. अगदी त्याच वेळी. मी हिशेब लावून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. तू असतास तर म्हणाला असतास, 'त्याच वेळी म्हणजे कोणाच्या?' नाही, तसं म्हणाला नसतास. मला असं दुखत असताना तू थट्टा केली नसतीस. तू म्हणाला असतास, पापनाशम् इथून केवढंसं. एवढ्या अंतरात माझं गणितही तुझ्याच बाजूचं आहे. आणि मग माझ्याजवळ बसून राहिला असतास.

तेराव्यानंतर मी आणि माझी बायको कमला वहिनींना भेटायला गेलो. कमला त्यांच्याजवळ बसली. मी दाराशी. वहिनींनी मला विचारलं, "भावजी, तुम्ही दोघे इतकी वर्षें कशावर भांडत होतां?"

मी म्हणालो, "ते सांगत नव्हते तुम्हांस?"

"सांगूं लागायचे. मग आई हाक मारायची, नाहीतर पोरें यायची, नाहीतर भात लागायचा. मी म्हणायची, सावकाश सांगा. गुरुवारी मात्र मज कळायचं. तुमच्याशी भांडून आले की दोन वाट्या जास्त भात खायचे. तें काय होतं, मज ऐकायचं आहे."

तेव्हा मी सांगितलं, सेतू. ते दोन दिवे, मधोमध उभा असलेला माणूस, वेगाने जाणारी गाडी. कमला म्हणाली, "अशी गाडी असते कोठें?" वहिनी म्हणाल्या, "असूं दे, तूं ऐक." त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ओट्यावर दोन निरांजनं आणून ठेवली, मधे सुपारी ठेवली, दुसरी सुपारी सरकवून दाखवली. वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः सरकवून पाहिली, पुढे, मग मागे. मग एकाएकी म्हणाल्या, "म्हणजे त्याचं 'आतां' आणि माझं 'आतां' एक नव्हे?"

मी म्हणालो, "सेतू असंच म्हणायचा."

तुझी बाजू मी मांडली, सेतू. काही राखून ठेवलं नाही. मी आयुष्यभर जे खोडत आलो ते मीच उभं केलं, आणि माझ्या मते तुझ्या वर्गात तू मांडायचास त्याहून वाईट मांडलं नाही. वहिनी सुपारीकडे पाहत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"आणि भावजी, तुम्हांस हें पटलं शेवटी?"

त्या काय ऐकू इच्छितात ते मला दिसत होतं. कमलाही माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती, हो म्हणा म्हणून. वहिनींनी मला विचारलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

वहिनी हसल्या. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच हसल्या असतील. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बरं झालं. आतां तुमची बाजू सांगा."